ग्रेनेडची पिन दातांनी निघत नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रणांगणातली भीती आणि तिच्यावरचे उपाय’. उपायांकडे येतोच, पण आधी एक जुनी तक्रार. वीरांच्या जयंतीला आपल्याकडे एकच भाषण होतं: तो वाघ होता, भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं! अहो, वाघाला ग्रेनेडची पिन काढता येत नाही.

पिनेचंच घ्या. सिनेमातला नायक ती दातांनी उपटतो. दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणींकडे ३६ नंबरचा ग्रेनेड होता, वजन पाऊण किलोच्या आसपास. पिन आपोआप सुटू नये म्हणून तिची टोकं फाकवलेली असतात. दातांनी ओढाल तर पिनेआधी दात हातात येईल. (हशा) खरी रीत अशी: फेकायच्या हातात ग्रेनेड, बाजूचा खटका (पट्टी) तळव्याशी घट्ट दाबलेला, दुसऱ्या हाताचं बोट कडीत, ओढा, फेका, खाली व्हा. खटका सुटला की ४ सेकंदांत स्फोट. तुकडे फेकीपेक्षाही लांब उडतात, म्हणून आडोसा आधी हेरून ठेवायचा.

आता हेच घाबरलेल्या पोराला करायला सांगा. तोंड कोरडं, नजर आकसलेली, शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, बोटांना बारीक काम जमत नाही. टॉमीगनचा, म्हणजे हातात धरायच्या छोट्या मशीनगनचा, वेग मिनिटाला ७०० गोळ्यांच्या घरात. घोडा दाबून धरला की ३० गोळ्यांचं मॅगझिन ३ सेकंदांत रिकामं, आणि नवं बसवायचं ते त्याच थरथरत्या बोटांनी! १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे यांना तर मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. उरलेल्या दोन शत्रूंवर त्यांनी बंदूक सोट्यासारखी चालवली. थोड्याच वेळात स्नायपरांनी त्यांना टिपलं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, उपाय.

पहिला: हत्यार डोळे बांधून खोलायचं-जोडायचं, बोटांना पाठ होईपर्यंत. दुसरा: माणसाला एकटं सोडायचं नाही. तिसरा: हाताला लगेच पुढचं छोटं काम द्यायचं. वाट पाहणाऱ्याला भीती जास्त खाते.

९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. रुंदी जेमतेम १५ फूट, पण बांध ३० ते ३५ फूट उंच, आत जर्मन मोर्चे, उतारावर सुरुंग. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, वय २३, कंपनीचे निरोपे. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी, त्यांच्या सोबतचे बाकीचे ठार. निरोप द्यायचा कुणाला? मग समोर दिसेल ते काम: एका जखमीला पाण्यातून, सुरुंगांतून वर आणलं, परत जाऊन दुसऱ्याला. तिसऱ्या खेपेला पहिला मोर्चा टॉमीगननं गप्प केला. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालेना, ती टाकली. पुढचे दोन मोर्चे ग्रेनेडनं. मधे ग्रेनेड संपले तर सरपटत बांधावर जाऊन साथीदारांकडून आणखी घेतले.

चौथा उपाय राहिला, श्वास लांब सोडण्याचा. शेवटी तोफगोळ्यांत बांधावर उभं राहून त्यांनी मराठा पलटणीची युद्धघोषणा दिली आणि बाकीच्यांना हातानं पुढे बोलावलं. ती घोषणा पोटातून द्यावी लागते, छाती रिकामी होईपर्यंत. अध्यक्ष उठलेच, थांबतो.