अंगावरचा सदरा हरलेला माणूस

१५७४ साल. इटलीतलं नेपल्स शहर. २४ वर्षांचा एक शिपाई जुगाराला बसलाय. साठवलेला पैसा गेला, हत्यारं गेली. शेवटी भर रस्त्यात त्याने अंगावरचा सदरा डावावर लावला. तोही गेला.

त्याचं नाव कामिल्लो दे लेल्लिस. साडेसहा फुटांच्या घरातली उंची, तापट डोकं आणि पायावर काही केल्या न भरणारी एक जखम. १५५० साली आब्रुत्सो भागातल्या बुक्यानिको गावात तो जन्मला. आई लवकर गेली. बाप फौजेत, आणि तोही जुगारीच. व्हेनिसच्या बाजूने तुर्कांशी लढायला दोघं बापलेक निघाले, तर बाप वाटेतच वारला. पुढची वर्षं एकाच रहाटगाडग्यात गेली. युद्ध लागलं की भरती व्हायचं, थांबलं की पत्ते कुटायचे, पैसे संपले की पोटाला चिमटा काढायचा.

नेपल्सनंतर तो भटकत मान्फ्रेदोनियाला पोचला आणि चर्चच्या दाराशी हात पसरून उभा राहिला. एवढा धडधाकट माणूस भीक मागताना पाहून कुणीतरी त्याला कामाला लावलं. कापुचिन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मठाचं बांधकाम चालू होतं, तिथे गाढवांवरून सामान वाहायचं. एका साधूने जवळ बसवून सांगितलेलं काहीतरी मनात रुतलं. २ फेब्रुवारी १५७५ ला परतीच्या वाटेवर तो जनावरावरून उतरला, गुडघे टेकले आणि ढसाढसा रडला.

कामिल्लोच्या आयुष्याला वळण मिळालं ते इथेच, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मला मात्र खरं वळण पुढे दिसतं. जुगार सोडायचा हे त्याला कळलं होतं. जगायचं कशासाठी, ते अजून कळायचं होतं. आधी वाटलं, साधू व्हावं. कापुचिनांनी घेतलंही. पण जाड्याभरड्या झग्याने पायाची जखम घासून चिघळली आणि मठ सोडावा लागला. बरा होऊन परत गेला, तर पुन्हा तेच.

त्या जखमेने त्याला रोमला नेलं. सान जाकोमो, असाध्य रोग्यांचं इस्पितळ. हे दार त्याला ओळखीचं होतं. १५७१ साली तो इथे उपचार घ्यायला आला होता, नोकर म्हणून राबतही होता, आणि जुगार नि मारामाऱ्यांपायी याच इस्पितळाने त्याला हाकलून दिलं होतं.

त्या काळचं इस्पितळ म्हणजे गरिबांची शेवटची जागा. ज्याच्याकडे पैसा, त्याचे वैद्य घरी यायचे. रोग्यांची शुश्रूषा करायला मिळेल त्या रोजावर मिळेल तो माणूस ठेवायचे. काही तर गुन्हेगार असायचे. घाणीचं अंथरूण तसंच राहायचं. जेवणाचं ताट खाटेशी आदळलं की काम झालं. घाई इतकी, की जीव असलेल्या माणसालाही मेला समजून उचलून नेत. कामिल्लोने हे खाटेवर पडून पाहिलं होतं. तहानेने हाक मारल्यावर कुणीच न येणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तो कामाला लागला. जखमा धुवायच्या, चादरी बदलायच्या, ज्याला हात उचलत नाही त्याला घास भरवायचा. काही वर्षांत त्याच इस्पितळाचा कारभार त्याच्याकडे आला. आणि कारभारी झाल्यावर त्याला कळून चुकलं की पगारी माणसांना कितीही रागवा, काही फरक पडत नाही. १५८२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या डोक्यात आलं: पैशासाठी नव्हे, मनापासून हे काम करणारे सोबती जमवायचे. त्यांच्यासाठी त्याने नियम लिहिले. त्यातला एक आजही कुठल्याही वॉर्डात लावावा असा आहे. एकुलतं एक लेकरू आजारी पडल्यावर आई ज्या मायेने त्याचं करते, त्या मायेने रोग्याचं करायचं. लक्षात घ्या, हे लिहिणारा काही वर्षांपूर्वी तलवार भाड्याने देणारा शिपाई होता.

१५८६ साली पोपने या मंडळींना झग्यावर तांबडा क्रॉस लावायची परवानगी दिली. जगाला ठाऊक असलेल्या रेड क्रॉसच्या पावणेतीनशे वर्षं आधी! पुढे रीतसर संघ झाला, आणि इतर साधूंच्या तीन व्रतांत त्यांनी चौथं घातलं: जिवावर बेतलं तरी रोग्याला सोडायचं नाही. हे व्रत कागदावर राहिलं नाही. नेपल्सच्या बंदरात साथीची जहाजं अडवून ठेवली होती, कुणी जवळ जाईना. कामिल्लोचे लोक गेले. त्यातले दोघे तिथेच लागण होऊन दगावले.

१५९८ च्या नाताळात रोममधल्या तायबर नदीला महापूर आला. पाणी सांतो स्पिरितो इस्पितळात शिरलं. पन्नाशीच्या जवळ आलेला कामिल्लो, तोच दुखरा पाय घेऊन, रात्रभर रोग्यांना उचलून वरच्या जागी पोचवत होता. साडेसहा फुटांचं ते शरीर लढाईत जेवढं कामी आलं नसेल, तेवढं त्या रात्री आलं.

१६०७ साली त्याने संघाचं प्रमुखपद सोडलं. रोगी मात्र सोडले नाहीत. १४ जुलै १६१४ ला रोममध्ये तो गेला. जखम तोवर भरली नव्हती. १७४६ मध्ये चर्चने त्याला संत म्हटलं. त्याचा संघ आज अनेक देशांत रुग्णसेवा करतो, आपल्याकडे बंगळुरूतही. तिथे एचआयव्ही झालेल्या, घरच्यांनीही दूर केलेल्या माणसांची शुश्रूषा त्याच्या संघाने हाती घेतली.