पंचेचाळीस अंशांचं पाणी

(उच्च क्षमतेच्या प्रोसेसरांच्या शीतकरणावर नागपुरात अभियंते आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मे महिन्यात आपल्याकडचा कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर अंथरूण-पांघरूण ओलसर करून सोडतो, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. कूलर चालतो हवेच्या कोरडेपणावर. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४ अंशांजवळ थांबतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच तापमापक २९ दाखवतो. म्हणजे पाणी उडवून गारवा मिळवायचा, तर नवतपा श्रावणापेक्षा बरा. हे दोन आकडे मनात ठेवा. प्रोसेसर थंड ठेवण्याच्या नव्या पद्धतींचा नागपूरला काय उपयोग, हे शेवटी त्यांच्यावरच ठरणार आहे.

आधी उष्णता किती, ते पाहू. घरातली १००० वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरमागे ५ वॉट. २०२२ साली आलेली एनव्हिडियाची एच१०० चिप ८१४ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिचं मोठं मॉड्यूल ७०० वॉट घेतं. त्यातला काही भाग शेजारच्या मेमरीत आणि वीजपुरवठ्याच्या घटकांत जातो, तरी ढोबळमानाने दर चौरस सेंटीमीटरला ७०-८० वॉट उरतात. तेही सरासरीने. गणित करणाऱ्या गाभ्यांवर ठिकठिकाणी याच्या कित्येक पट उष्णता एकवटते. इस्त्रीच्या पंधरा पट तापणारा हा तुकडा आपल्याला ८५-९० अंशांच्या खाली ठेवायचा असतो. पुढच्या पिढीच्या चिपा १००० वॉटच्या वर गेल्या आहेत आणि अशा ७२ चिपांचं एक कपाट सुमारे १२० किलोवॉट वीज खातं. एवढ्या विजेवर दीड टनाचे ७०-८० एसी चालतील.

हे काम हवेकडून का होत नाही? एक किलोवॉट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून न्यायला मिनिटाला सुमारे ५२०० लिटर हवा लागते. पाणी लागतं दीड लिटरहूनही कमी. शिवाय हवेचा प्रवाह दुप्पट करायचा तर पंख्याची वीज आठपट होते. उन्हाळ्यात सर्व्हरचे पंखे कर्कश ओरडायला लागतात तेव्हा बिल याच हिशेबाने चढत असतं. म्हणून ३००-४०० वॉटपर्यंत हीट पाइप, म्हणजे आतल्या वाफेने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळ्या, आणि मोठे पंखे ठीक आहेत. त्यापुढे हवेशी झुंजत बसण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. चिपपासून पाण्यापर्यंत उष्णतेच्या वाटेत अडथळे असतात आणि ते मोजता येतात. एका वॉटमागे किती अंशांचा फरक पडतो, हे त्याचं माप. चिप १००० वॉटची, मर्यादा ८५ अंश आणि पाणी ४५ अंशांचं असेल, तर सगळ्या वाटेला मिळून वॉटमागे ०.०४ अंश एवढीच मुभा आहे. पाणी २० अंशांचं घेतलं तर मुभा ०.०६५ होते, पण ते २० अंश मिळवायला नागपुरात चिलर, म्हणजे पाणी गार करणारं एसीसारखं यंत्र, लावावा लागतो आणि त्याचा कॉम्प्रेसर मेच्या दुपारी सर्वांत जास्त वीज ओढतो. शीतकरणातले अलीकडचे जवळपास सगळे प्रयत्न माझ्या मते एकाच दिशेचे आहेत: वाटेतला अडथळा इतका कमी करायचा की कोमट पाण्यावर भागावं.

वाटेतली पहिली चोरी थर्मल पेस्टच्या, म्हणजे चिप आणि तिच्यावरची धातूची प्लेट यांच्यातली फट भरणाऱ्या लेपाच्या, थरात होते. थर ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पेस्टची उष्णतावाहकता ५ वॉट प्रति मीटर-केल्व्हिन, चिप ८ चौरस सेंटीमीटरची आणि उष्णता ७०० वॉट धरली, तर केसाहून पातळ अशा या थरातच जवळपास ९ अंश जातात. त्या जागी इंडियम धातूचा २०० मायक्रॉनचा, म्हणजे चौपट जाड थर असला तरी फक्त २ अंशांच्या थोडं वर जातात, कारण इंडियमची वाहकता ८०च्या घरात आहे. पेस्टचा दुसरा दोष उशिरा कळतो. चिप तापली की किंचित वाकते, निवली की सरळ होते. रोज शेकडो वेळा असं झालं की पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडा डाग उरतो. याची खूण म्हणजे चिपचं सरासरी तापमान तेच दिसतं, पण सर्वांत तापलेल्या बिंदूचं तापमान दर महिन्याला अंश-दोन अंशांनी चढत जातं. हा फरक नोंदवत राहिलं तर बिघाड महिनाभर आधी कळतो.

यावर फेज चेंज पॅड हा चांगला उपाय आहे. तो ४५ अंशांच्या आसपास मऊ होतो, दाबाखाली पसरून पातळ बसतो आणि पेस्टसारखा बाहेर पळत नाही. आपल्याकडे अडचण साठवणुकीची आहे. पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात तो पाकिटातच मऊ पडतो आणि त्यावरची फिल्म ओढली की पॅडही फाटून येतो. लावण्याआधी तो बंद पाकिटासह १०-१५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मगच फिल्म झटक्यात ओढा. बसवल्यानंतर पहिल्यांदा चिप पूर्ण भाराने तापू द्या. ती पुरेशी तापल्याशिवाय पॅड बसत नाही आणि पहिल्या तासाचे आकडे उगाच वाईट दिसतात. गॅलियमच्या मिश्रधातूचं लिक्विड मेटल याहून सरस वाहक आहे, पण त्याचा थेंब ॲल्युमिनियमवर पडला तर ते धातूच्या कणांमध्ये शिरून त्याला ठिसूळ करतं आणि सर्किटवर पडला तर शॉर्ट होतो. भोवती बांध घालता येत असेल तरच ते वापरा.

पेस्टनंतर येते कोल्ड प्लेट. तांब्याच्या तळावर १०० मायक्रॉनच्या आसपास अंतर असलेल्या बारीक पात्या कोरतात आणि त्यांच्या फटींतून पाणी जातं. चांगली प्लेट वॉटमागे ०.०२ ते ०.०३ अंशांपर्यंत पोहोचते. या फटी जितक्या उपयोगी तितक्याच नाजूक असतात. नव्या पाइपांत वेल्डिंगची खपली, टेफ्लॉन टेपचे धागे, कापताना पडलेला कीस असतो. पाणी सोडताच तो सगळा थेट पहिल्या प्लेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून क्रम मोडू नका. आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासा. मग प्लेटा वगळून होज एकमेकांना जोडा आणि फिल्टर स्वच्छ निघेपर्यंत पाणी फिरवा. त्यानंतर प्लेटा जोडून खालून सावकाश भरा, वरच्या टोकाने हवा काढा. फिल्टर २५ ते ५० मायक्रॉनचा हवा, फटीहून बारीक.

आत साधं पाणी चालत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल २५ टक्के आणि गंजरोधक मिसळलेलं तयार द्रव घ्यावं. पैसे वाचवायला त्यात पाणी वाढवून ग्लायकॉल २० टक्क्यांखाली नेलं, तर ते जंतूंना रोखण्याऐवजी त्यांचं खाद्य होतं आणि काही महिन्यांत फटींमध्ये बुळबुळीत थर दिसतो. तांब्याच्या प्लेटांच्या वर्तुळात ॲल्युमिनियमचा एकही भाग नको. दोन धातू एका पाण्यात आले की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. आणखी एक: द्रव भरलेला सर्व्हर दोन्ही टोकं बंद करून उन्हातल्या ट्रकमध्ये ठेवू नका. तापलेल्या द्रवाला पसरायला जागा नसली की ते सांध्यातून वाट काढतं.

चिप आणि पाण्यामधली प्लेटच काढून टाकली तर? ही कल्पना जुनी आहे. १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीज यांनी सिलिकॉनमध्येच सुमारे ५० मायक्रॉन रुंद नाल्या कोरल्या आणि ७१ अंशांच्या वाढीत चौरस सेंटीमीटरला ७९० वॉट काढून दाखवले. नाली अरुंद झाली की भिंतीपासून पाण्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घटतं, म्हणून उष्णता झपाट्याने सुटते. पण अरुंद आणि लांब नालीतून पाणी ढकलायला प्रचंड दाब लागतो आणि पाणी टोकाला पोहोचेपर्यंत तापलेलं असतं. हे गाडं तिथेच बरीच वर्षं अडलं होतं. उपाय निघाला तो कालव्याच्या धर्तीचा. मोठ्या पाटांनी पाणी ठिकठिकाणी वरून सोडायचं, ते नालीत थोडंच अंतर चालेल आणि लगेच शेजारच्या पाटाने वर निघेल. लोझानच्या ईपीएफएल संस्थेतल्या गटाने २०२० साली हे पाट आणि वीज-घटक एकाच चिपमध्ये एकत्र घडवले आणि चौरस सेंटीमीटरला १.७ किलोवॉट उष्णता काढली. पंपाला लागली तेवढ्याच जागेमागे ०.५७ वॉट. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२५ मध्ये चिपच्या पाठीवर अशा नाल्या कोरून प्रयोगशाळेत कोल्ड प्लेटच्या तिपटीपर्यंत चांगला परिणाम मिळाल्याचं जाहीर केलं. पातळ झालेलं सिलिकॉन तडकणं, नाल्या तुंबणं आणि हजारो चिपांची गळती वर्षानुवर्षं रोखणं हे प्रश्न मात्र अजून उभे आहेत.

सगळा सर्व्हरच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवायची पद्धतही नवी नाही. १९८५चा क्रे-२ महासंगणक फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडलेला असे. पुढे ५०-६० अंशांना उकळणारी फ्लोरिनयुक्त द्रवं घेऊन चिपच्या पृष्ठभागावरच उकळी आणण्याची पद्धत आली. ती कामाला उत्तम होती, पण ही रसायनं निसर्गात विघटन पावत नाहीत. थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये २०२५ अखेर त्यांचं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं आणि या वाटेवरचा उत्साह ओसरला. तेलात बुडवणं सोपं आणि स्वस्त आहे. पण तेल घट्ट असतं, हळू वाहतं, त्यामुळे ७०० वॉटच्या चिपेला एकटं पुरत नाही. मध्यम शक्तीच्या सर्व्हरांना ते चालतं. तिथे पेस्ट तेलात धुऊन जाते, म्हणून इंडियमचा पत्रा लावतात. पीव्हीसीच्या वायरांतलं मऊपणा देणारं द्रव्य तेलात उतरतं, वायर कडक होऊन तडकते आणि तेल गढूळ होतं. लेबलं सुटून पंपात अडकतात.

मला अधिक आशा वाटते ती कोल्ड प्लेटमध्येच रेफ्रिजरंट, म्हणजे एसी-फ्रीजमध्ये असतं तसं सहज उकळणारं द्रव, उकळवण्याच्या पद्धतीकडून. गळालं तरी ते विजेला वाहक नसतं, वायू होऊन जातं. तिथला धोका वेगळा आहे. समांतर जोडलेल्या प्लेटांपैकी एकीत उकळी वाढली की तिच्यातला विरोध वाढतो, द्रव शेजारच्या सोप्या वाटेने निघून जातं आणि जिला सर्वाधिक गरज तीच प्लेट कोरडी पडते. प्रत्येक प्लेटच्या तोंडाशी बारीक छिद्राची चकती बसवली की तिथला विरोध मोठा होतो आणि वाटप टिकतं.

आता नागपूरचा हिशेब. ४५ अंशांच्या दुपारी कोरड्या रेडिएटरवर पाणी हवेपेक्षा सुमारे ७ अंश गरम राहतं आणि प्लेटांतून फिरणाऱ्या आतल्या द्रवाची उष्णता रेडिएटरकडच्या बाहेरच्या पाण्याला देणाऱ्या उष्णता-विनिमयकात आणखी ४ अंश जातात. ४५ आणि ११ मिळून ५६ होतात, हे चालणार नाही. रेडिएटरच्या तोंडाशी ओल्या पॅडची भिंत उभी केली, म्हणजे सरळ मोठा कूलरच लावला, आणि पॅडची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर आत येणारी हवा २९ अंशांवर येते. त्यात ११ मिळवा, ४० झाले. जुलैत हवा ३२ अंशांची असते, पॅड कोरडे ठेवले तरी ४३. म्हणजे पाणी बाराही महिने ४५च्या आत राहतं आणि कॉम्प्रेसर लागत नाही. पॅड ओले करायचे ते बाहेर ३४ अंशांवर गेलं तरच. पावसाळ्यात याचा आणखी एक फायदा आहे. जुलैत इथला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास जातो. १८ अंशांचं पाणी फिरवणाऱ्या पाइपांना तेव्हा घाम फुटतो आणि तो सर्व्हरवर ठिबकतो. चाळीशीतल्या पाण्याला घाम फुटत नाही. हे करून पाहिलेलं शहाणपण आहे. आयबीएमने झुरिकला २०१० मध्ये ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर संगणक चालवला आणि त्या उष्णतेवर इमारती तापवल्या. गरम चिपमधून विजेची गळती थोडी वाढते हे खरं, पण चिलरची वाचलेली वीज त्याहून पुष्कळ जास्त असते.

पाण्याचा खर्चही सांगायला हवा. एक किलोवॉट पूर्णपणे बाष्पीभवनाने काढायचा तर तासाला दीड लिटर पाणी उडतं. १२० किलोवॉटच्या कपाटाला १८० लिटर. आपलं बोअरचं पाणी जड आहे, कूलरच्या ताट्यांवर जून येईपर्यंत पांढरी पुटं चढतात तशीच इथेही चढतात. क्षार तिप्पट होईपर्यंतच पाणी फिरवायचं ठरवलं, तर उडालेल्याच्या निम्मं, म्हणजे आणखी ९० लिटर, काढून टाकावं लागतं. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. पॅडसाठीही तेच, पुरेसं गाळून, वापरावं. पिण्याचं पाणी यात घालू नये, हा आग्रह मी धरेन.

शेवटी वीज गेली तर काय होतं ते पाहू. ३०० ग्रॅम तांब्याची प्लेट आणि तिच्यातलं ३० मिलिलिटर पाणी मिळून एक अंश चढायला सुमारे २४० ज्यूल लागतात. चिप १००० वॉटने चालू आहे आणि पंप थांबला, तर दर सेकंदाला ४ अंश चढतात. दहा सेकंदांत ४०. जनरेटर भार घेईपर्यंत चिप स्वतःला बंद करून बसलेली असते. म्हणून पंप यूपीएसवर हवेत, दोन हवेत, आणि दुसरा पंप बंद न ठेवता दोन्ही अर्ध्या गतीने चालवावेत. प्रवाहमापक प्रत्येक कपाटाला लावावा, कारण तापमान कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि चाचणी दोनदा घ्यावी: एकदा नवतपातल्या दुपारी तीन वाजता पूर्ण भारावर एक पंप बंद करून, आणि एकदा जुलैतल्या पावसाच्या रात्री, पॅड पूर्ण कोरडे ठेवून.