गोळी लागू पडली, पण मानवली नाही

नमस्कार.

(रिकामी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरते.)

ही पट्टी मी टाकून दिलेली नाही. यातल्या गोळ्यांनी मला अंथरुणातून उठवलं. झोप परत आली, अंघोळ करायची ताकद परत आली. आणि याच गोळ्या मला सोडाव्या लागल्या.

आपण म्हणतो, औषध लागू पडलं. आपण असंही म्हणतो, औषध मानवलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिप्रेशनची गोळी लागू पडूनही मानवत नाही, असं होऊ शकतं. पण एकदा बरं वाटायला लागलं की तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटतं, म्हणून माणसं गप्प बसतात. नाहीतर कुणाला न सांगता गोळी बंद करतात. मी आधी गप्प बसले, मग बंद केली. दोन्ही चुकलं, म्हणून आज बोलते आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, हे आधीच सांगते.

तिसऱ्या महिन्यात माझी मावशी गेली. लहानपणी तिनेच मला सांभाळलेलं. घरात सगळे रडत होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत उभी होते. वाईट झालंय हे कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं. मला वाटलं, मी दगड झाले. खूप उशिरा कळलं की या गोळ्यांवर असं होऊ शकतं आणि त्याला नावही आहे, इमोशनल ब्लंटिंग. दुःखाबरोबर बाकीच्या भावनाही बोथट होतात.

आता, प्रत्येक त्रासासाठी गोळी बदलावी लागत नाही. पहिल्या आठवड्यातली मळमळच घ्या. या गोळ्या सेरोटोनिन नावाच्या, शरीरात निरोप पोचवणाऱ्या रसायनावर काम करतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं, त्यामुळे या गोळीची पहिली चाहूल पोटाला लागते. मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. अडचण अशी की त्रास पहिल्या दिवसापासून आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त. नेमक्या याच काळात कितीतरी जण गोळी सोडतात. काही खाऊन गोळी घेणं किंवा सकाळची गोळी रात्री घेणं, एवढ्यानेही कधी कधी काम होतं. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काही त्रास मात्र वाट बघून जात नाहीत. लैंगिक इच्छा मरते, किंवा इच्छा असते पण शेवटपर्यंत पोचताच येत नाही. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन यांसारख्या गोळ्यांवर हे खूप जणांना होतं. सांगायची लाज वाटते, समोरून विचारलंही जात नाही, आणि घरात दोघांमध्ये अबोला वाढतो. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मी तेच केलं होतं.

आणि एक त्रास असा, ज्यात पुढच्या तारखेची वाट बघायचीच नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एका जागी बसवत नाही इतकी तगमग होते, मरणाचे विचार नव्याने येतात किंवा वाढतात. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, नाही भेटले तर थेट इमर्जन्सीत जा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी हा ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. घरात कुणी या वयाचं गोळी घेत असेल, तर पहिले काही आठवडे त्याच्याकडे लक्ष असू द्या.

आता माझी दुसरी चूक. मावशी गेल्यानंतर मी एका रविवारी गोळी एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना नजर डावीकडून उजवीकडे वळवली आणि डोक्यात करंट लागल्यासारखं झालं. क्षणभरच, पण कठडा घट्ट धरावा लागला. मग गरगरणं, चित्रविचित्र स्वप्नं, कारण नसताना चिडचिड. मला वाटलं, आजार उलटला. तो आजार नव्हता, गोळी अचानक सुटल्याचा त्रास होता. तो साधारण काही दिवसांतच सुरू होतो आणि असे शारीरिक झटके घेऊन येतो. आजार परततो तो बहुधा हळूहळू, काही आठवड्यांत. दोन्हींची गल्लत होऊ शकते, म्हणून निदान स्वतः करू नका.

गोळी कमी करताना शेवटचा टप्पा इतका अवघड का जातो? आपल्याला वाटतं, अर्धी गोळी म्हणजे अर्धा परिणाम. तसं नसतं. एसएसआरआय गटातल्या, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळीचा नेहमीचा सर्वांत कमी डोससुद्धा मेंदूतली सेरोटोनिन परत उचलणारी साधारण ८० टक्के ठिकाणं अडवून धरतो. त्यामुळे मोठा डोस थोडा कमी केला तर फारसं जाणवत नाही, पण शेवटची छोटीशी मात्रा काढली की परिणाम धाडकन खाली येतो. शेवटच्या पायऱ्या लहान हव्यात त्या म्हणूनच.

बदलायचं कसं, हे कोणती गोळी सुटते आणि कोणती सुरू होते यावर ठरतं. कधी आज ही बंद, उद्या ती सुरू. कधी जुनी उतरवत नवी चढवायची. कधी मध्ये मोकळे दिवस ठेवावे लागतात. व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच शरीरातून उतरायला लागतं. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून बनणारं द्रव्य मात्र कित्येक आठवडे रेंगाळतं. एमएओआय नावाच्या जुन्या गटातलं औषध सुरू करायचं असेल, तर फ्लुओक्सेटिननंतर किमान पाच आठवडे थांबतात. घाई केली तर सेरोटोनिन इतकं वाढू शकतं की ताप, थरथर, स्नायूंना झटके येऊन जिवावर बेततं. ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामक गोळीही या भानगडीत भर घालते. म्हणून तुम्ही घेत असलेलं प्रत्येक औषध, खोकल्याचं सिरपसुद्धा, डॉक्टरांना सांगा.

नवी गोळीही स्वतःचा त्रास घेऊन येते. मिर्टाझापिनवर लैंगिक तक्रारी कमी असतात, पण झोप आणि वजन वाढतं. बुप्रोपिऑनवरही त्या कमी, पण फिट्स येणाऱ्यांना ते देत नाहीत. म्हणून आधी स्वतःला विचारा, मला कोणता त्रास अजिबात नको? माझं उत्तर ठरलेलं होतं.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मागितली. मी तारीख, डोस आणि त्या दिवसाची एक ओळ लिहून ठेवत होते. त्यावरून जुनी गोळी पुन्हा सुरू झाली, मग सावकाश उतरवली आणि दुसरी चढवली. मधला एक आठवडा वाईट गेला, तोही वहीत आहे.

(वही उघडते.)

नव्या गोळीचा सातवा आठवडा. कपाट आवरताना मावशीची शाल हाताला लागली. मी जमिनीवर बसून अर्धा तास रडले. त्या रात्रीची ही ओळ: ‘आज रडू आलं.’ पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती वाचली आणि डोस आहे तसाच ठेवला.