डिंक, गूळ आणि अठरा हजार फूट

(पडद्यावर: कढई, उकळतं तूप)

आजचा व्हिडिओ फौजेच्या खाण्यावर आहे, पण आधी हा आवाज ऐका जरा. तुपात डिंकाचे खडे पडले की असं तडतडतं आणि बघता बघता एकेक खडा फुलून पांढरा होतो. हे गोकाक आहे, घटप्रभेचा धबधबा बघायला सगळे येतात ते गोकाक, आणि येताना-जाताना करदंटाचा, म्हणजे डिंक-गूळ-सुक्यामेव्याच्या वडीचा, एक पुडा घेतल्याशिवाय कुणी हलत नाही. दुकानाच्या मागं ही भट्टी. आच मंदच लागते. मोठी केली की डिंक वरनं लाल होतो आणि आत कच्चा राहतो, मग तो दाढेत असा बसतो की दिवसभर जीभ तिकडंच. आचारी मामा एक खडा काढून बोटांत चुरतात, भुगा झाला तर घाणा उतरवायचा, नाहीतर अजून थोडा वेळ.

मग सुकं खोबरं, खारीक, काजू, बदाम, बेदाणे. आणि शेवटी गूळ. पाकाचा अंदाज थर्मामीटरवर नाही, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून घेतात, मऊ गोळी वळली की झालं. जरा पुढं गेला की कडक होतो, मग ती चिक्की होते, करदंट राहत नाही. सगळं एकत्र करून ताटात थापायचं, गार व्हायच्या आत सुरी फिरवायची. बास. यात पाणी जवळजवळ नाहीच, म्हणून फ्रीज नको, प्रिझर्व्हेटिव्ह नको, महिनाभर कुठंही न्या. बिघडलं तर खोबरं खवट होऊन बिघडतं, बुरशीनं नाही.

आता हे सगळं फौजेच्या व्हिडिओत कशाला, असं वाटत असेल, तर थांबा.

(पडद्यावर: कॅम्प भागातला रस्ता, पहाटे धावणारी मुलं)

बेळगावचा कॅम्प. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे आणि रेजिमेंटचा इतिहास थेट १७६८ पर्यंत मागं जातो. खानापूर, निपाणी, पलीकडं चंदगड, या पट्ट्यात गल्लीत दोन-चार घरं तरी फौजेची निघतात. ही जी मुलं धावतायत ती भरतीची तयारी करतायत, गावाकडची आहेत सगळी, भाकरी खाऊन वाढलेली. उद्या यातलाच कुणीतरी सियाचेनला असणार. १९८४ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झालं, म्हणजे आपल्या फौजेनं सियाचेनचा ताबा घेतला, तेव्हापासून तिथं बारा महिने माणसं आहेत, काही चौक्या तर वीस हजार फुटांच्याही वर.

हे सुभेदार मामा, रिटायर होऊन आता शेती करतात. त्यांचं बोलणं आहे तसंच ठेवलंय: "वर गेल्यावर भूक म्हणून लागतच नाही बघा. ताट समोर असतंय, हात जाईना. खायाचं म्हणजे ड्यूटी म्हणून खायाचं. संत्रं यायचं, पण फोडायला हातोडी."

मामा जे सांगतात त्याला कारण आहे. उंचीवर ऑक्सिजन कमी, त्यानं भूक मरते, चव बोथट होते, आणि शरीराला मात्र थंडीत ओझं घेऊन चालायला दिवसाला चार हजारांच्या वर कॅलरी लागतात, म्हणजे खाणं कमी आणि खर्च जास्त, अंगावरचं मांस झडणारच. त्यात अठरा हजार फुटांवर पाणी साधारण ८२ अंशांनाच उकळतं. आपल्याकडं डाळ साध्या पातेल्यातही शिजते, तिथं कुकरशिवाय शिजतच नाही, आणि कुकरला रॉकेल लागतं, रॉकेल वर न्यायला हेलिकॉप्टर. म्हणून शिजवायला न लागणारं, थोडक्यात जास्त ताकद देणारं, आणि तोंडाला गोड लागणारं असं काहीतरी खिशात पाहिजे. सुक्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साडेसहाशेच्या आसपास कॅलरी असतात. गुळाचं आणखी एक आहे, तेवढीच ताकद काढायला साखर-गुळाला तुपापेक्षा कमी ऑक्सिजन पुरतो, आणि वर टंचाई ऑक्सिजनचीच. आता परत ते करदंट थापलेलं ताट आठवा. कुठल्या प्रयोगशाळेत न बसता गोकाकच्या भट्टीवाल्यांनी हे जुळवून ठेवलंय, असं मला तरी वाटतं.

एक अडचण आहे, लपवत नाही. कडाक्याच्या थंडीत गुळाची वडी दगड होते. सुभेदार मामा म्हणतात कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची, अंगाच्या उबेनं मऊ राहते.

(पडद्यावर: जुने फोटो)

हे फोटो मेसोपोटेमियाचे, आजचं इराक. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, पहिल्या महायुद्धात तुर्की फौजेनं ब्रिटिशांच्या फौजेला घातलेला कुत अल अमाराचा वेढा, १४७ दिवस. आत अडकलेल्यांत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. या वेढ्यात एक विचित्र गोष्ट दिसली, गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला आणि हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. गोरे मैद्याचा पाव खायचे, त्यात कोंडा नाही, कोंडा नाही म्हणजे बी वन जीवनसत्त्व नाही, आणि ते नसलं की बेरीबेरी होतो. आपल्या माणसांकडं जाडाभरडा आटा आणि डाळ, त्यामुळं बेरीबेरी फारसा शिवला नाही. पण ताजी भाजी नाही म्हणजे सी जीवनसत्त्व नाही, त्यानंच स्कर्व्ही होतो; घोड्याचं मांस बहुतेकांनी बरेच दिवस घेतलं नाही, मग हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. पुढं गोऱ्यांनाही आटा मिळायला लागला तसा त्यांचा बेरीबेरी कमी झाला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, पण कोंड्यासकट धान्य का, हे यापेक्षा चांगलं कुणी समजावून सांगितलेलं मी ऐकलं नाही. आणि हेही लक्षात घ्या की करदंटात सी जीवनसत्त्व नाही, त्याच्या जोडीला वाळवलेला आवळा पाहिजेच.

(पडद्यावर: जांबोटीकडचा डोंगर, नाचण्याचं शेत)

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाच्या माऱ्यात उतारावर भात नीट येत नाही तिथं हा नाचणा येतो. बचत गटाच्या या अक्का सत्त्व करतायत. नाचणा धुवून रात्रभर भिजत, मग फडक्यात घट्ट बांधून ठेवायचा. हे बघा, गाठोडं सोडलं की कसे पांढरे मोड आलेत. सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, मग मंद भाजून दळायचा, आणि वस्त्रगाळ. मोड काढायचं कारण नुसतं पचायला हलकं एवढंच नाही. मोड आले की धान्य स्वतःच स्वतःचं पिष्ट फोडायला लागतं, म्हणून या पिठाची आंबील पातळ राहते, दुप्पट पीठ घातलं तरी पिता येते. जेवण जात नाही अशा माणसाला एका मगात जास्त पोटात घालायची ही युक्ती, आपल्याकडं ती लहान बाळांसाठी वापरतात. कॅल्शियम तर १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास.

मार्च २०२३ मध्ये लष्करानं ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ जवानांच्या रेशनमध्ये परत आणायचं जाहीर केलं. गव्हाचा आटा आल्यापासून पन्नासहून जास्त वर्षं ते बंदच होतं. तांदूळ-आट्याच्या हक्कातला २५ टक्क्यांपर्यंत भाग आता भरडधान्यात घेता येतो. डीएफआरएल या नावानं सुरू झालेली म्हैसूरची संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा १९६१ पासून फौजेसाठी पाकीटबंद जेवण, टिकाऊ चपाती वगैरे करत आलीय, काम चांगलंच आहे. तरीपण २०२० मध्ये संसदेत आलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेच्या, अहवालात निघालं की उंचावरच्या जवानांना ठरलेल्या वस्तूंऐवजी पर्यायी वस्तू दिल्या गेल्या आणि त्यात कॅलरी ८२ टक्क्यांपर्यंत कमी पडल्या. असो.

(पडद्यावर: पार्सल बांधणाऱ्या अक्का)

सध्या इथून जे जातं ते घरचं पार्सल म्हणून जातं, पत्त्यावर फक्त नंबर, नाव, युनिट आणि केअर ऑफ ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस). तुम्हीही पाठवणार असाल तर अक्कांचं ऐका: प्रत्येक वडी वेगळी बटर पेपरात, कोपऱ्यात हवा राहू द्यायची नाही, खोबरं त्याच आठवड्यात किसलेलं पाहिजे, आणि वड्या लहान पाडा, ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानं सोडता आल्या पाहिजेत. सत्त्वाचं पाकीट वेगळं, आवळा वेगळा, नाहीतर सगळ्यालाच ओल लागते.

गटाकडं अन्न परवाना आहे. फौजेच्या पुरवठ्यात शिरायचं तर लॅब रिपोर्ट लागतो, मोठ्या मालाची हमी लागते, पॅकिंगचं मशीन लागतं. पहिलं सॅम्पल तपासणीला गेलंय, मशीनसाठी बँकेत अर्ज पडलाय, आणि नाचणा यंदाही अक्का शेजारच्या गावातून उधारीवरच घेतायत.