युद्धातल्या बेसबॉलची वर्गणी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय "युद्धकाळातलं बेसबॉल आणि वर्णभेद" असा छापलाय. वर्णभेदाकडे मी येणार आहे, नक्की येणार आहे, फक्त आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांनी मला आधी ऐकलंय ते आत्ताच हसायला लागले, हरकत नाही.

तर शिकागोहून उत्तरेला मेट्रा लोकलने निघालं की ग्रेट लेक्स नावाचं स्टेशन लागतं. पाटी आपण सगळ्यांनी वाचलीय, उतरलंय कोणी नाही. तिथे नेव्हीचा ट्रेनिंग तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या तळाची बेसबॉल टीम होती आणि 1944 साली तिने 50 पैकी 48 मॅचेस मारल्या. समोर नुसती कॉलेजची पोरं नव्हती हं, मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलचे क्लब यायचे आणि मार खाऊन जायचे. कारण मॅनेजर कोण, तर मिकी कॉक्रेन, ज्याने डेट्रॉइटला 1935 ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली तो. पिचर, म्हणजे आपला बॉलर, कोण, तर व्हर्जिल ट्रक्स आणि स्कूलबॉय रो. म्हणजे आधी क्लबांचे चांगले प्लेअर नेव्हीत जाणार आणि मग तेच क्लब तळावर येऊन त्यांच्याकडूनच हरणार.

(मागून कोणीतरी कॉम्प्टन म्हणालं. बरोबर! आपल्याकडेही झालंच की, इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन महूला लष्करात होता, सी. के. नायडूंच्या होळकर टीमकडून रणजीची फायनल खेळला, 1945 साली, ब्रेबॉर्नवर नाबाद 249 केले आणि तरी मुंबईच जिंकली. टाळ्या नंतर, माझी मिनिटं जातायत.)

आता क्लब अशा मॅचेस का खेळायचे? सीझन चालू, सुट्टीच्या दिवशी ट्रेनचा प्रवास, पदरात काही नाही. पुस्तकांत लिहितात देशप्रेम. असेलही. माझं म्हणणं, ही गणपतीची वर्गणी होती. ऐच्छिक असते, पण पावतीपुस्तक घेऊन पाच जण दारात उभे असले की नाही म्हणून दाखवा.

मालकांना 1918 आठवत होतं. पहिल्या महायुद्धात सरकारने फतवा काढला, उपयोगाचं काम करा नाहीतर लढायला चला, आणि बॉल खेळणं काही उपयोगाच्या कामात बसलं नाही. सीझन सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गुंडाळला. त्यामुळे पर्ल हार्बर झाल्यावर बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना विचारलं, यंदा खेळायचं का? 15 जानेवारी 1942 ला उत्तर आलं, खेळा, लोकांना विरंगुळा हवा, पण लष्करात जाण्याच्या वयाचे प्लेअर जातील. परवानगी मिळाली. आता ती टिकवायची.

मग सुरू झाली वर्गणी. मे महिन्यात ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर नेव्ही रिलीफसाठी, म्हणजे नौदलाच्या मदतनिधीसाठी, डॉजर्स-जायंट्स मॅच, तिथे खेळणाऱ्यांनी आणि अंपायरांनीसुद्धा तिकीट काढलं! आणि जुलैमधली मॅच तर माझी लाडकी. 6 तारखेला न्यूयॉर्कमध्ये ऑल-स्टार गेम, म्हणजे मेजर लीगमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच, जिंकेल त्याने लगेच दुसऱ्या दिवशी क्लीव्हलँडला सेनेच्या ऑल-स्टार्सशी खेळायचं. आला पाऊस. मॅच उशिरा सुरू झाली आणि रात्री साडेनऊला शहरात ब्लॅकआउटचा सराव, दिवे बंद म्हणजे बंद. अमेरिकन लीगच्या बूड्रोने सुरुवातीलाच होमरन, आपला षटकारच म्हणा, मारला, त्याच इनिंगमध्ये यॉर्कनेही, तीन रन तिथेच झाले. 3-1. मॅच संपली तेव्हा साडेनऊला दोन मिनिटं होती. तसेच उठून रात्रीच्या ट्रेनने क्लीव्हलँड.

तिथे 62,094 लोक. सेनेच्या टीमचा मॅनेजर पुन्हा कॉक्रेन, पिचर बॉब फेलर, क्लीव्हलँडचाच लाडका, पर्ल हार्बरनंतर दोनच दिवसांत नेव्हीत भरती झालेला. सगळं स्टेडियम त्याच्यासाठी आलेलं आणि त्याला दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर काढावं लागलं. 5-0 हरले. पण गल्ला सैनिकांसाठी जमला ना, पावती फाटली! आणि फेलरला नावं ठेवू नका, नंतर त्याने स्वतः मागून तोफखान्याचं ट्रेनिंग घेतलं आणि अलाबामा युद्धनौकेवर विमानविरोधी तोफेवर गेला. बाकी कित्येक स्टार्सनी युद्धभर बॉलच खेळला, त्यांच्याबद्दल मला बोलायचं होतं पण संयोजक घड्याळ दाखवतायत.

पाच मिनिटं? तीन. बरं.

तर वर्णभेद. मेजर लीगचे क्लब तेव्हा काळे खेळाडू घेतच नव्हते. ग्रेट लेक्सच्या त्या 48 विजयांच्या टीममध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. त्याच तळावर काळ्या रिक्रूटांसाठी कॅम्प स्मॉल्स वेगळा, त्यांची बेसबॉल टीमही वेगळी, आणि त्या वेगळ्या टीममध्ये होता लॅरी डोबी. क्लब इतके तुटपुंजे झाले होते, तळाकडून हरत होते, आणि तळाच्या दुसऱ्या टीमकडे बघायची कोणाला गरज वाटत नव्हती. देशासाठी मॅच म्हणायचं आणि देशाच्या युनिफॉर्ममधला माणूस टीममध्ये नको. क्लबांना वर्गणी परवडत होती, डोबी परवडत नव्हता. युद्ध संपल्यावर 5 जुलै 1947 ला तो क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये उतरला, अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू. मॅनेजर तोच होमरनवाला बूड्रो, आणि मैदान शिकागोचं कोमिस्की पार्क, म्हणजे ग्रेट लेक्सपासून ट्रेनने जाण्याइतकं जवळ.

वेळ संपली म्हणतायत. त्याच वर्षी डोबीच्या आधी मेजर लीगमध्ये आलेल्या जॅकी रॉबिन्सनच्या लष्करातल्या दिवसांचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारा, म्हणजे सांगता येईल.