स्कूटरवरची पेटी

(दृश्य : रायबंदरचा धक्का, पहाट)

मांडवीवर अजून धुकं आहे. चोडणला जाणाऱ्या पहिल्या फेरीबोटीत पाववाला, मासळीच्या टोपल्या आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर सुतळीने बांधलेली ही पेटी, म्हणजे हार्मोनियम. पेटीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुनी चादर. पाऊस असो नसो, चादर असतेच.

स्कूटरवाल्यांना सगळे भाऊ म्हणतात. मूळचे नगरकडचे. मुरगाव बंदरात टॅली क्लार्क म्हणून लागले आणि जहाजांतून उतरणारा माल मोजता मोजता निवृत्त झाले. घर वास्कोत, पण रविवारी तिथे सापडायचे नाहीत. आज डिचोली, पुढच्या रविवारी फोंडा, मग म्हापसा. भाड्याच्या खोलीत नाहीतर कुणाच्या ओसरीवर भरणाऱ्या लहान लहान मराठी मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती लोक. कुठे वीस माणसं, कुठे नऊ. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येतात. भाऊ जमेल तेव्हा.

उपदेश ते करत नाहीत. "ते माझं काम नव्हे. पेटी लावून देतो, दोन गाणी धरतो, कुणी आजारी असेल तर जाऊन बसतो."

(दृश्य : जुने गोवे, मग डिचोलीतली खोली)

गोव्यातलं चर्च म्हटलं की हे डोळ्यांपुढे येतं. से कॅथेड्रलचा एकुलता मनोरा. जोडीचा 1776 साली कोसळला. समोर बॉम जीझस चर्चची गिलावा उतरवलेली लाल चिऱ्यांची भिंत. आम्हीही कॅमेरा आधी इथेच लावला, खोटं कशाला बोलायचं. आणि ही डिचोलीतली मंडळी. वर पत्रा, खाली सतरंजी, भिंतीला लाकडी क्रूस.

(दृश्य : रायतूरची सेमिनरी)

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना बहुतेक कोंकणीत होते. पण मराठी ओवी इथे परकी नाही. मूळचे इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आलेले जेझुइट संघाचे फादर थॉमस स्टीफन्स इथल्या साष्टी भागात राहिले, आणि ख्रिस्ताची कथा सांगणारं त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 साली इथे रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. त्या छापील पुस्तकाची एकही प्रत आज हाती नाही. ओव्या तरल्या त्या हस्तलिखितांतून. भाऊंना त्यातल्या काही पाठ आहेत. मंडळीत मात्र ते कवी ना. वा. टिळकांचे अभंग घेतात, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांचे. "विलायती चालीला ऑर्गन शोभतो. अभंगाला पेटीच."

(दृश्य : उघडलेली पेटी, अगदी जवळून)

आता पेटी उघडली आहे, नीट पाहा. चार महिन्यांचा पाऊस आणि वर ही खारी हवा तिला मानवत नाही. लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. पितळी सुरांवर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पात्यांवर, हिरवट थर धरतो. पट्टीखालच्या चामड्याला कसर लागली की हवा गळते आणि न दाबलेला सूर आपला आपण गुणगुणत बसतो. भाऊ एकेक सूर काढतात, ब्रशने पुसतात. मग घासणं. मोकळ्या टोकाला घासलं की स्वर चढतो, रिव्हेटच्या बाजूला घासलं की उतरतो. "जरासंच. जास्त घासलंत तर सूर गेला. घासलेलं परत चिकटवता येत नाही." मधल्या सप्तकातला सा जुळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तुम्हाला दोनच मिनिटं दाखवतोय.

'पाचारण', म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, हा शब्द स्वतःबद्दल वापरायला भाऊ लाजतात. एका पावसाळ्यात ते फोंड्याच्या मंडळीत पाहुणे म्हणून गेले होते. पेटी बंद, गाणी नुसत्या टाळ्यांवर. त्यांनी ती घरी आणली, उघडली, आणखी बिघडवली. मग मुंबईला एका कारागिराकडे नेली आणि तिथेच बसून शिकले. परत द्यायला गेले त्या दिवशी पाळकांनी बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला बर्णबाचा भाग वाचला. कुप्राचा, म्हणजे सायप्रसचा, लेवी वंशातला यहुदी, खरं नाव योसेफ, शेत विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांच्या, चरणी ठेवणारा. बर्णबा हे नाव त्याला प्रेषितांनी दिलं. मराठी बायबलात त्याचा अर्थ बोधपुत्र असा दिला आहे. अंत्युखिया शहरात नवी मंडळी उभी राहिली तेव्हा तिच्याकडे यरुशलेमहून यालाच धाडलं.

"माझ्याकडे शेत नव्हतं," भाऊ म्हणतात. "स्कूटर होती."

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. बाहेरून आलेली कुटुंबं गेली आणि एक मंडळी मिटली. तिची पेटी भाऊंच्या माळ्यावर आहे. वहिनी रविवारी वास्कोच्या चर्चला एकट्याच जातात. त्या कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत.

(दृश्य : डिचोली, दाराबाहेरून)

उपासना दहाला. आत कॅमेरा नको, असं मंडळीचं म्हणणं, म्हणून हे चपलांच्या रांगेपासून. भाता हलला. सा लागला. एक पट्टी अजून अडकते. भाऊ ती नखाने उचलतात, गाणारे थांबत नाहीत.

(निवेदन बंद. पूर्ण कडवं ऐकू द्यावं.)