कुंदा टिकला, आता भाकरीकडे वळू या

नमस्कार मंडळी.

बेळगावहून कुणी येणार असं कळलं की आपण पहिला निरोप कुंद्याचा, म्हणजे तिथल्या खव्याच्या मिठाईचा, देतो आणि दुसरा गोकाकच्या करदंटाचा, म्हणजे डिंक-सुक्या मेव्याच्या वडीचा. आपण खानापूरचे असू, निपाणीचे असू की अथणीचे, सणाचं खाणं आपण इथं परदेशातही नेटानं जपलं. सुटलं ते रोजचं ताट. जोंधळ्याची (ज्वारीची) भाकरी, हुलग्याची (कुळथाची) नाहीतर मटकीची उसळ, जवसाची चटणी, कच्चा कांदा, ताक. दुपारी तीन-चारला येणारी मरगळ, संध्याकाळी मुलांवर निघणारा राग, रात्री बिस्किटांच्या डब्याकडे वळणारा हात, या सगळ्याचा त्या सुटलेल्या ताटाशी बराच संबंध आहे.

सकाळी गोड कॉर्नफ्लेक्स आणि फळांचा रस घेतला की रक्तातली साखर झपाट्यानं चढते, इन्सुलिन धावून येतं आणि दोन-तीन तासांत बऱ्याच जणांची साखर तितक्याच वेगानं उतरते. हात गळाल्यासारखे होतात, लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून माणूस कातावतो. जोंधळ्यात दर 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम तंतू आणि तितकीच प्रथिनं असतात. सोबत उसळ असली की साखर हळूहळू रक्तात उतरते आणि दुपार नीट जाते.

2017 मध्ये ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या 67 जणांवर 12 आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला आहाराचं मार्गदर्शन दिलं: अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल. दुसऱ्या गटाला फक्त सोबत आणि गप्पा. आहाराच्या गटात 32 टक्के लोक नैराश्याच्या पातळीबाहेर आले, दुसऱ्यात 8 टक्के. प्रयोग लहान होता, म्हणून भाकरी हे औषध आहे असं कुणी समजू नये. पण औषध चालू असतानाही ताटाकडे बघावं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता भाकरीकडे येऊ, कारण तक्रार तिथंच असते: इथल्या पिठाची भाकरी तुटते. पाकिटातलं पीठ महिनोन्‌महिने पडून असतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. अशा पिठाची उकड काढा. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करा, एक वाटी पीठ घालून हलवा आणि पाच मिनिटं झाका. मग तळव्यानं चांगलं पाच मिनिटं मळा. जोंधळ्यात ग्लुटेन नसतं, गहू धरून ठेवतो तसं ते स्वतःहून धरत नाही, म्हणून मळण्यात कुचराई चालत नाही. तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत भाकरी उलटा; उशीर झाला की तडा गेलाच. विजेच्या शेगडीवर स्वच्छ फडक्यानं कडा दाबल्या तरी फुगते. पीठ कडवट लागलं तर ते खवट झालंय, टाकून द्या.

जवसाच्या चटणीत चूक होते ती भाजण्यात. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, जास्त भाजले की कडू होतात. पूर्ण गार करा, मग जिरं, मीठ, सुक्या संकेश्वरी मिरच्या आणि परतून कोरडा केलेला लसूण घालून वाटा. गरम असताना वाटले तर तेल सुटून गोळा होतो. वाटणं आवश्यकच आहे. अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर जातो. चटणी फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांना पुरेल एवढीच करा. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम जवसाच्या पुडीत साधारण दीड ग्रॅम ओमेगा-3 हे स्निग्धाम्ल मिळतं.

सकाळी घाई असेल तर हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, करा. हुलगे भाजून पीठ करून ठेवलेलं असलं की दहा मिनिटांचं काम. तीन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. दोन वाट्या उकळत्या पाण्यात सोडून सात-आठ मिनिटं शिजवा, नाहीतर कच्चट लागतं. ताक घालायचं असेल तर माडगं कोमट झाल्यावरच घाला, गरमात ते फाटतं.

हुलग्यातलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू पिळा आणि चहा जेवणाला चिकटून घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत. लोह कमी असलेल्या बायकांची थकावट आणि चिडचिड घरात नुसती 'स्वभाव' म्हणून खपून जाते, ते वाईट आहे. कॉफीचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही शरीरात उरतो, म्हणून झोप लागत नसेल तर दुपारनंतरची कॉफी सोडा.

एक गोष्ट मात्र भाकरी-उसळीत मिळणार नाही: बी-12 जीवनसत्त्व. शाकाहारी असाल, दूध-दही कमी खात असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल, तर त्याची रक्ततपासणी करून घ्या. हातापायांना येणाऱ्या मुंग्या, विसरभोळेपणा आणि उदासी यांमागे ती कमतरता असू शकते. उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्वही तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, झोप-भूक बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ताट बदलण्याची वाट बघू नका, डॉक्टरांना भेटा. एकट्यानं जायचं अवघड वाटत असेल तर आपल्या मंडळातल्या कुणालाही सोबत यायला सांगा.